जुन्या मोटारसायकलीचें पेट्रोल कोठें जातें?

हल्लीं शेतकऱ्याच्या दारांत बैलजोडी एक वेळ नसेल, परंतु मोटारसायकल नाहीं असें घर विरळाच. संकलन केंद्रावर दूध पोंचविणें, बाजारांतून खतें-औषधें आणणें, रात्रींबेरात्रीं वीज आली म्हणजे मळ्यांतील पंप चालू करण्यास धांवणें, हीं सर्व कामें तिच्यावरच होतात. नवी गाडी घ्यावयाची तर पाऊण लाखाच्या आसपास रक्कम मोजावी लागते; सबब पुष्कळ शेतकरी दहाबारा वर्षें वापरलेली गाडी पंचवीस-तीस हजारांत घेतात. हा व्यवहार मूळचा वाईट नव्हे. परंतु गाडी घरीं येऊन महिना-दोन महिने लोटले म्हणजे बहुतेक ठिकाणीं एकच तक्रार ऐकूं येते, ती ही कीं गाडी 'ॲव्हरेज' देत नाहीं. एक लिटर पेट्रोलांत गाडी किती किलोमीटर जाते त्या मानास ॲव्हरेज म्हणतात. हा शब्द आतां आमच्या खेड्यांतील आजीबाईंच्याही तोंडीं बसला आहे, तेव्हां त्यास प्रतिशब्द शोधण्याच्या खटपटींत आम्ही पडत नाहीं.

ही तक्रार किती रकमेची असते तें प्रथम पाहूं. दुधासाठीं दररोज तीस किलोमीटर जाणारी गाडी महिन्यास ९०० किलोमीटर चालते. तिनें लिटरास ६० किलोमीटर दिले तर १५ लिटर पेट्रोल लागेल. ४० दिले तर साडेबावीस लिटर लागेल. हिशेबाच्या सोयीसाठीं भाव शंभर रुपये धरला (प्रत्यक्षांत आमच्या भागांत तो त्याहून चढाच आहे), तरी महिन्याकांठीं साडेसातशें व वर्षाकांठीं नऊ हजार रुपयांचा फरक पडतो. म्हणजे तीन वर्षांत गाडीची मूळ किंमतच धुरांतून निघून जाते.

हें पैशाचें झालें. पैशाहून मोठें नुकसान कसें होतें तें आमच्याच घरच्या प्रकरणावरून सांगणें प्राप्त आहे, जरी तें सांगतांना आम्हांस संकोच वाटतो.

सन २०२३ च्या दिवाळीनंतर आम्हीं एका एजंटामार्फत शंभर सी.सी.च्या वर्गांतील, कार्बोरेटरची, तेरा वर्षें वापरलेली एक गाडी २८ हजारांस घेतली. 'सत्तरच्या खालीं येणार नाहीं,' असें विकणाराचें आश्वासन होतें. आमच्याकडे त्या वेळीं दूध पोंचविण्यास एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा होता. पहांटे धारा काढावयाच्या म्हणून तो वस्तीवरच, गाडी ठेवण्याच्या छपरांत, घोंगडी टाकून निजे. आमचा जन्म महसूल खात्याच्या वह्या लिहिण्यांत गेला. सबब गाडी आली त्याच दिवशीं तिचें खातें उघडलें होतें. डिसेंबरअखेर बेरीज केली तों आंकडा निघाला ३८! घरांत बोलणें सुरू झालें. छपरांत सकाळीं पेट्रोलचा वास येतो, मुलाच्या घोंगडीसही येतो, तेव्हां रात्रीं नळी लावून तो पेट्रोल काढतो यांत संशय तो काय? आम्हीं उघड आरोप केला नाहीं. पण टाकीस कुलुपाचें झांकण आणून बसविलें आणि त्याची किल्ली आमच्या जानव्यास अडकविली. मुलगा समजावयाचें तें समजला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीं तो घोंगडी गुंडाळून निघून गेला.

दूध पोंचविण्याचें काम पुतण्याकडे आलें. पुढें महिन्यानें बेरीज केली. कुलूप शाबूत, किल्ली आमच्यापाशीं, मुलगा गांवांतही नव्हता, आणि आंकडा पुनः ३८. ज्या खात्यांत जागेवर जाऊन पंचनामा केल्याखेरीज हातभर बांधाचाही निकाल देत नाहींत, त्या खात्यांत तीस वर्षें काढून आम्हीं घरच्या घरीं विनाचौकशी निकाल दिला होता. त्यानंतर जी चौकशी केली तिचा तपशील पुढें देत आहों. तींत आम्हांस एका ओळखीच्या फिटरचें साहाय्य झालें; परंतु बहुतेक गोष्टी अशा आहेत कीं त्या कोणाही शेतकऱ्यानें आपल्या अंगणांत कराव्या.

पहिलें काम मापाचें. मीटरवरील पेट्रोलचा कांटा, किंवा 'दोनशेंचें टाकलें तें चार दिवस पुरलें' हा हिशेब चौकशीस उपयोगी नाहीं. गाडी सपाट जागीं डबल स्टँडवर उभी करावी, टाकीच्या तोंडाच्या आंत जी पत्र्याची कड दिसते तिच्या खालच्या कांठापर्यंत पेट्रोल भरावें आणि मीटरवरील आंकडा टिपून ठेवावा. नंतर नेहमींच्याच रस्त्यानें, नेहमींच्याच ओझ्यानें निदान दीडशें-दोनशें किलोमीटर चालवून पुनः त्याच पंपावर त्याच कांठापर्यंत भरावें. दुसऱ्या वेळीं जितकें पेट्रोल बसलें तितकें खर्च झालें, यांत तर्क कोठेंच नाहीं. लहान अंतराची परीक्षा फसवी असते. भरतांना अर्ध्या पेल्याचा, म्हणजे १०० मिलिलिटरचा, फरक राहिला तर एका लिटरवर ती दहा टक्क्यांची चूक होते. तोच फरक चार लिटरांवर अडीच टक्केच पडतो. इतकी भरलेली टाकी मात्र उन्हांत उभी करूं नये, कारण पेट्रोल तापून फुगतें व ओघळतें.

पंपावर माप कमी भरतात अशी शंका असल्यास तीही मनांत ठेवूं नये. यंत्राचा आंकडा शून्यावर आहे हें पाहावेंच; शिवाय प्रत्येक पंपावर वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का असलेलें पांच लिटरचें माप ठेवावें लागतें व ग्राहकानें मागितल्यास त्यांत पेट्रोल मोजून दाखवावें लागतें. पांच लिटरांत २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमास मान्य आहे. आम्हीं तसें मोजून घेतलें. माप बरोबर भरलें. पंपावरील माणूस जरा रुसला, एवढेंच.

पेट्रोलचें माप झालें, पण अंतराचें माप कोणीं तपासलें आहे? ही गोष्ट आम्हांसही प्रथम सुचली नाहीं. जुन्या गाडीचा मीटर पुढच्या चाकांतील दात्यांवर व एका तारेच्या केबलवर चालतो. दाते झिजले, किंवा पूर्वींच्या मालकानें मोडका मीटर काढून दुसऱ्याच जातीच्या गाडीचा बसविला, कीं तो खोटें बोलूं लागतो. रविवारीं सकाळीं आम्ही सांगोला-पंढरपूर रस्त्यावर गेलों व किलोमीटरचे दगड मोजीत दहा किलोमीटर गाडी चालविली. मीटर नऊच चालला होता. परततांना पुनः तेंच. हल्लीं मोबाईलमधील नकाशावरही हें अंतर पडताळतां येतें, पण दगडावर आमचा विश्वास अधिक. म्हणजे आमची गाडी मुळांत ३८ देत नव्हती, ४२ देत होती. मधले चार मीटरनें खाल्ले होते. याच्या उलटही घडतें. मीटर जास्त पळत असेल तर वाईट गाडीही विकत घेतांना चांगली दिसते, सबब जुनी गाडी पाहावयास जाणारानें दोन दगडांमधील अंतर मीटरवर अवश्य पडताळावें.

बेचाळीस हेंही शंभर सी.सी.च्या गाडीस शोभणारें नव्हे. १९८५ पासून आपल्याकडे चार-स्ट्रोकच्या शंभर सी.सी. गाड्या येऊं लागल्या, व १९९४ पासून हिरो होंडाची स्प्लेंडर ही खेडोपाडीं दिसूं लागली, ती याच काटकसरीच्या गुणावर. त्यापूर्वींच्या राजदूत किंवा एम-८० या दोन-स्ट्रोकच्या गाड्या ज्यांनीं वापरल्या आहेत त्यांस हा फरक सांगावयास नको. जाहिरातींतील आंकडे ठराविक परीक्षेंतील असतात. परंतु खेड्यांतील रस्त्यावर, बेताच्या ओझ्यानें, ठीक ठेवलेली अशी गाडी पंचावन्न ते साठ देते असा आमचा व शेजाऱ्यांचा अनुभव आहे.

येथून पुढें एक नियम आम्हीं कटाक्षानें पाळला. एका वेळीं एकच दुरुस्ती करावयाची, नंतर आठवडाभर गाडी चालवून पुनः माप घ्यावयाचें, आणि जी गोष्ट फुकट किंवा स्वस्त आहे ती आधीं करावयाची. गॅरेजांत सर्व सामान एका दिवसांत बदलून मिळतें; परंतु मग रोग कोणता होता तें कधींच कळत नाहीं व न झिजलेल्या सामानाचेंही बिल भरावें लागतें. आमच्या या पद्धतीस दोन महिने लागले हें खरें.

आरंभ चाकांपासून केला. बैलगाडीचें चाक वंगणावांचून कुरकुरूं लागलें म्हणजे बैलाच्या मानेवर ताण येतो हें शेतकऱ्यास कळतें; मोटारसायकलीचा बैल पेट्रोल पितो, एवढाच भेद. हवा मोजली तों मागच्या टायरांत १६ पौंड! या वर्गांतील बहुतेक गाड्यांस पुढें सुमारें २५ व मागें एकट्या स्वारास २८ पौंडांच्या आसपास हवा लागते. मागें माणूस किंवा कॅन असतील तर याहून अधिक. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तकांत किंवा चेनच्या बाजूस चिकटविलेल्या पट्टीवर असतो. हवा टायर थंड असतांना भरावी. अंगठ्यानें दाबून 'ठीक आहे' म्हणणें म्हणजे नजरेनें जमीन मोजण्यापैकींच आहे.

नंतर गाडी डबल स्टँडवर घेऊन, गिअर काढून, मागचें चाक हातानें जोरानें फिरविलें. तें एक-दोन फेरे सहज फिरावयास हवें होतें. अर्ध्या फेऱ्यांतच थांबलें. दुसऱ्या दिवशीं पुतण्यास ब्रेक शक्य तितका न वापरतां केंद्रापर्यंत जाऊन येण्यास सांगितलें, व येतांच मागच्या ड्रमला पाठचा हात लावून पाहिला. चटका बसला. म्हणजे ब्रेक सदा थोडा लागलेलाच होता, व वाटभर पेट्रोल खर्चून आम्ही तो ड्रम तापवीत होतों. गोठ्यांतील शेणपाण्यानें ब्रेक उघडणारी आडवी दांडी गंजली होती. शिवाय 'ब्रेक कडक हवा' म्हणून कोणीं नटही अधिक आंवळला होता. फिटरनें चाक काढून दांडी घासली, तिला बेतानें ग्रीस दिलें (हें ग्रीस ब्रेकच्या लायनरला लागूं देऊं नये, नाहीं तर ब्रेकच लागणार नाहीं), आणि पायाच्या पॅडलला दोनएक सेंटीमीटरची मोकळीक ठेवली. त्याच वेळीं चेन धुवून, तेल देऊन, मधोमध दोन ते तीन सेंटीमीटर हालेल इतकी सैल केली. चेन ताणून ठेवली म्हणजे बरी असा समज आहे, तो चुकीचा आहे. पुढच्या चक्राचे दातेही मोजून पाहावे. ओझें वाहणारे लोक चौदाच्या जागीं तेरा दात्यांचें चक्र बसवितात. त्यानें गाडी चढास जोर करते, परंतु त्याच अंतरास इंजिनाचे फेरे सुमारें पावणेआठ टक्के वाढतात. आमच्या गाडीचें चक्र मूळचेंच निघालें. हवा, ब्रेक व चेन या तीन गोष्टी आम्हीं एकाच आठवड्यांत केल्या हें आमच्याच नियमास सोडून झालें, परंतु चाक एकदां काढल्यावर तें तसेंच बसविणें जीवावर आलें. आंकडा ४७ झाला. खर्च दीडशें रुपयांच्या आंत.

यापुढील शोध हवा व पेट्रोल यांच्या मिश्रणाचा. एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनानें सुमारें पावणेपंधरा भाग हवा लागते. याचा हिशेब मांडला तर एक लिटर पेट्रोलास जवळजवळ नऊ हजार लिटर हवा होते, आणि ती सर्व एअर फिल्टरच्या तळहाताएवढ्या गाळणींतून जाते. आमच्याकडील मुरमाच्या रस्त्यांचा फुफाटा वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावा. गाळणी बुजली म्हणजे इंजिन जोरानें श्वास ओढूं लागतें. त्या ओढीनें हवा फारशी वाढत नाहीं, पण कार्बोरेटरमधून पेट्रोल मात्र अधिक खेंचलें जातें. तें पुरतें न जळतां काळ्या धुरानें बाहेर पडतें. चोक अर्धवट लागून राहिला तरी परिणाम तोच. थंडींत सकाळीं ओढलेला चोक परत सोडावयाचें विसरणारे, किंवा ज्याचा खटका पुरता मागें जातच नाहीं असे चोक, आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

या रोगाची साक्ष स्पार्क प्लग देतो. नेहमींप्रमाणें आठदहा किलोमीटर चालवून आल्यावर इंजिन बंद करावें व निवल्यावर प्लग काढून त्याचें टोंक पाहावें. विटकरी किंवा फिकट तपकिरी रंग असेल तर मिश्रण ठीक; कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त; काळें व तेलकट ओलें असेल तर इंजिन ऑइल जळत आहे; पांढरें फटक असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापत आहे. आमचा प्लग तव्याच्या बुडासारखा होता. फिल्टरची पेटी उघडली, तों आंत धुळीबरोबर कडब्याचा भुसा! मग ध्यानांत आलें कीं आमची गाडी उभी असते ती कडबाकुट्टीच्या यंत्राला लागून. गाडीचा फिल्टर स्पंजाचा असेल तर तो रॉकेलांत किंवा साबणाच्या पाण्यांत धुवून, पुरता वाळवून, ऑइलांत बुडवून घट्ट पिळून बसवावा; तेलकट कागदाचा असेल तर त्यास धुणें किंवा हवेचा फवारा मारणें व्यर्थ, तो बदलावाच लागतो. फिल्टर अजिबात काढून टाकून गाडी 'मोकळी' करणारे शहाणेही भेटतात. ती धूळ मग सरळ पिस्टनवर जाते, व एका हंगामांत इंजिनाचें काम निघतें. आमचा फिल्टर कागदी होता. दोनशें रुपयांच्या आंत नवा मिळाला. प्लग ब्रशनें साफ केला. आंकडा ५२.

येथपर्यंत आल्यावर घरांत समाधान झालें, परंतु छपरांतील पेट्रोलचा वास गेला नव्हता. मुलगा नाहीं, त्याची घोंगडी नाहीं, वास मात्र आहे. आम्ही फिटरला हें सांगितलें तेव्हां त्यानें एकच प्रश्न विचारला, 'रात्रीं कॉक बंद करतां का?' कॉक म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी. ती आमच्या घरांत कोणींही कधींच बंद केली नव्हती.

कार्बोरेटरच्या तळाशीं एक लहानशी वाटी असते, तींत तरंगणारा फ्लोट असतो. घरावरील पाण्याच्या टाकींत बॉल-कॉक असतो, त्याचीच ही लहान प्रत. वाटी भरली म्हणजे फ्लोट वर येऊन एक बारीक सुई तोंडांत बसवितो व पेट्रोल थांबतें. सुईचें टोंक झिजलें किंवा त्याखालीं कचऱ्याचा कण अडकला म्हणजे तें थांबत नाहीं. वाटी भरून जास्तीचें पेट्रोल एका नळीनें इंजिनाच्या खालीं जमिनीवर ठिबकत राहतें. गाडी चालू असतांना हें समजत नाहीं. उभी असतांना रात्रभर चालतें, आणि जमीन मुरमाची असेल तर सकाळपर्यंत डागही राहत नाहीं. आम्हीं त्या रात्रीं कॉक उघडा ठेवून त्या नळीचें टोंक खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलींत सोडलें. बाटलीवर मापाच्या रेघा होत्या. सकाळीं पेट्रोल पन्नासच्या रेघेला टेकलें होतें.

पन्नास मिलिलिटर म्हणजे घोटभर. पण रोजच्या तीस किलोमीटरांस लागणाऱ्या पेट्रोलांतून रोज घोटभर गेलें, तर ५७ चे ५२ होतात. हिशेब आम्हीं तीनदां मांडला. चोर सांपडला तो हा. आणि त्याच्या पायथ्याशीं, ओल्या जमिनीवर, तो मुलगा घोंगडी टाकून निजत होता. घोंगडीस वास यावयाचाच. त्याहून भयंकर गोष्ट नंतर सुचली. त्या थंडींत तो छपराच्या तोंडाशीं शेकोटी करून बसे. मागें कडब्याची गंजी, व मध्यें ही ठिबकणारी गाडी. हें आठवलें म्हणजे आजही अंगावर कांटा येतो. सुई बदलली, वाटी धुतली, आणि 'दिवा मालवण्यापूर्वीं कॉक बंद' असा दंडक घालून दिला. आंकडा ५७ वर आला. वाचकांपैकीं ज्यांच्या गोठ्यांत पेट्रोलचा वास येत असेल त्यांनीं ही बाटलीची परीक्षा आज रात्रींच करावी, मात्र जवळ कंदील, बिडी किंवा शेकोटी असतां कामा नये. कांहींची गळती नळींतून न होतां इंजिनांत उतरते. ऑइलची पट्टी काढून हुंगली असतां पेट्रोलचा वास आला, किंवा ऑइल घातल्यावांचून वाढलेलें दिसलें, तर गाडी न चालवितां ऑइल बदलून सुई दुरुस्त करावी.

कार्बोरेटर उघडणाराच्या हातांत मात्र तार देऊं नये. आंतील जेट पितळेचें असतें व त्याचें छिद्र केंसाएवढें. तें तारेनें टोंचलें कीं छिद्र मोठें होऊन पेट्रोल कायमचें जास्त जाऊं लागतें. पेट्रोलनें धुवून हवेच्या फवाऱ्यानें साफ करावें, एवढेंच. उलट दुसरे कांहीं मिस्त्री ॲव्हरेज वाढवून दाखविण्यासाठीं पेट्रोल इतकें कमी करून देतात कीं गाडी आठ दिवस साठ-पासष्ट देते, नंतर तापूं लागते, चढास दम टाकते व प्लग पांढरा पडतो. अशानें व्हॉल्व्ह जळण्याची धास्ती असते. पेट्रोलच्या नळीस बांधावयाचे लोहचुंबक बाजारांत विकावयास येतात. आमच्या एका स्नेह्यानें जोडी घेतली आहे. ती आतां त्यांच्या तिजोरीच्या दारास चिकटवलेली असते व तेथें चांगलें काम देते.

आरंभींच एका गॅरेजांत आम्हांस 'रिंग-पिस्टन गेलें, सातएक हजार खर्च आहे' असें सांगण्यांत आलें होतें. तें काम कधीं खरोखरच करावें लागतें. धूर निळसर असेल, ऑइल पंधरवड्यांत कमी होत असेल, किक मारतांना पायास अडसरच लागत नसेल, तर इंजिन झिजलें आहे असें समजावें. वरच्या गिअरमध्यें मूठ पिळली असतां आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाहीं, तर क्लच प्लेटा घसरत आहेत. टॅपेट सुटले असतील तर टकटक आवाज येतो. आंवळलेले असतील तर आवाज येत नाहीं, पण जोर जातो, व हा दुसरा प्रकार अधिक घातक. इंजिन ऑइलही पुस्तकांत सांगितलेल्या जातीचेंच घालावें. या वर्गांतील बहुतेक गाड्यांस १०डब्ल्यू-३० सारखें पातळ ऑइल लागतें; जाड तें चांगलें म्हणून ट्रॅक्टरचें ऑइल घातल्यास इंजिनास तें घुसळण्याचेंच काम होऊन बसतें. परंतु ही सर्व परीक्षा हवा, ब्रेक, फिल्टर, प्लग व फ्लोट पाहून झाल्यावर. आमच्या गाडीचें इंजिन निकोप होतें. सात हजार वांचले.

एक गोष्ट आपल्या हातची नाहीं. जून २०२२ पर्यंत देशांतील पेट्रोलांत सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें, व २०२५ पासून बहुतेक पंपांवर वीस टक्क्यांचें पेट्रोल मिळतें. लिटरमागें पाहिलें तर इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश असते; सबब त्याच लिटरांत गाडी किंचित् कमी जाणारच. नीती आयोगानें जून २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत जुन्या जातीच्या दुचाकींस ही घट तीन ते चार टक्के धरली आहे, म्हणजे साठास दोन-अडीच किलोमीटर. तेव्हां चाळिसाचें खापर इथेनॉलवर फोडतां येत नाहीं. हें इथेनॉल पुष्कळसें आपल्याच उसाचें व मळीचें आहे, यामुळें सोलापूर जिल्ह्यांतील बागाईतदारानें त्याविरुद्ध फार मोठ्यानें बोलणें बरेंही दिसत नाहीं. मात्र इथेनॉल हवेंतील ओल शोषतें. सुगीच्या दिवसांत महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडींत फार दिवसांचें पेट्रोल ठेवूं नये, व जुन्या रबरी नळ्या चिरल्या आहेत कीं काय तें पाहत जावें.

शेवटीं हांकणाराची मूठ. वेग दुप्पट केला म्हणजे वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. आमच्या पुतण्यास साठ-सत्तरनें जाण्याची हौस आहे. त्याला एक आठवडा चाळीस ते पंचेचाळीसच्या वेगानें जावयास लावलें तेव्हां तीच गाडी, तेच चाळीस लिटरचे दोन कॅन, आणि आंकडा ६० झाला. त्यापुढील आठवड्यांत तो पुनः ५६ वर आला, तेव्हां त्याचा वेग विचारावा लागला नाहीं. (एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-सहा मानाच्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजीं बहुधा इंजेक्शन असतें. तेथें फ्लोट व जेट नाहींत. बाकीची परीक्षा तीच, आणि मीटरवर इंजिनाचा दिवा लागून राहिल्यास गाडी कंपनीच्या केंद्रांत न्यावी.)

चौकशी पुरी झाली त्या दिवशीं आम्हीं जुनी वही काढली. डिसेंबरच्या पानावर, ३८ च्या आंकड्यासमोर, आम्हींच पेन्सिलीनें एक प्रश्नचिन्ह व त्या मुलाच्या नांवाचें पहिलें अक्षर घातलें होतें. तें खोडलें नाहीं. नोंद खोडण्याची आम्हांस संवय नाहीं. त्याखालीं लाल शाईनें 'चौकशीअंतीं निर्दोष. गळती कार्बोरेटरची' असा शेरा लिहून सही व तारीख घातली, आणि ती वही व ती औषधाची बाटली घेऊन त्याच्या वडिलांकडे गेलों. मुलगा घरींच होता. त्यानें वही वाचली नाहीं, बाटली मात्र उजेडांत धरून रेघा पाहिल्या. कामावर परत ये म्हटलें, त्यास तो 'बघूं अण्णा' एवढेंच म्हणाला. आतां तो दुसऱ्या एका संकलन केंद्राच्या टेंपोवर आहे. डिसेंबरचा त्याचा राहिलेला अर्धा पगार आम्हीं त्याच दिवशीं त्याच्या आईच्या हातीं दिला. टाकीचें कुलूप काढून जुनेंच झांकण बसविलें आहे, आणि मागचा टायर गुळगुळीत झाला आहे तो येत्या बाजारीं बदलावयाचा आहे.